एका खुर्चीकडे वळवलेला स्पीकर

जालना जिल्ह्यात माझा आवाज कानावर न पडता मोठा झालेला माणूस कुणाला सापडला, तर त्यानं त्याला माझ्या घरी घेऊन यावं. दोघांचाही चहा माझ्याकडे. बारसं, लग्न, सप्ताह, उरूस, नाताळ, निवडणूक, कपाशीच्या औषधाची जाहिरात, सगळं माझ्या कर्ण्यातून बाहेर पडलेलं आहे. दुकानाचं नाव ‘मधुर साऊंड सर्व्हिस’. हे नाव बायकोनं ठेवलं. आवाज खरोखर मधुर असता तर धंदा पहिल्या मोसमातच बसला असता. शहागडला गोदावरीच्या काठी मी एकदा लग्नाला कर्णा लावला, तर वारं असं फिरलं की पलीकडच्या काठावरच्या दुसऱ्या लग्नातल्या लोकांनी आमच्याच मंगलाष्टकांवर अक्षता टाकल्या. एका कर्ण्यात दोन जोडपी सुखी झाली. तिकडच्या भटजीनं मात्र पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. धावड्याच्या एका म्हातारीचा बैल हरवला म्हणून मी माईकवरून पुकारा केला, तर तो बैल स्वतःचं वर्णन ऐकून स्वतःच्या पायानं घरी आला. हे खोटं वाटत असेल तर बैलाला विचारा. तो आता न्हाई, ही माझी चूक न्हाई.

बाहेरच्याला वाटतं, माईकवाल्याचं काय! वायर जोडली, बटण दाबलं, झाडाखाली आडवा झाला. आडवा होतो हे खरं. पण त्याआधी थोडी अक्कल लागते. लोखंडी कर्णा आवाज लांब फेकतो, पण नुसती हाडं फेकतो. मांस वाटेतच गळून पडतं. लाकडी खोक्यातला स्पीकर, ज्याला आम्ही डबा म्हणतो, तो मांसासकट आवाज देतो, पण त्याला लांबचा पल्ला न्हाई. आणि माईकनं आपल्याच स्पीकरचा आवाज पुन्हा गिळला की शिट्टी सुटते, अशी की दाढेत भरलेली चांदी हलावी. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला कायदा : स्पीकरचं तोंड कायम पब्लिककडे. बोलणाऱ्याकडे, गाणाऱ्याकडे चुकून वळवायचं न्हाई.

दुसरा कायदा माझा खासगी होता. मशीनवर, म्हणजे अॅम्प्लिफायरवर, मी एक जादा बटण बसवून घेतलेलं. आतून त्याला काहीच जोडलेलं न्हाई. घनसावंगीच्या सभेत एक पुढारी दर वाक्याला मागं वळून “वाढव, वाढव” करू लागला, तेव्हा मी ते बटण गर्रकन फिरवलं. पुढारी खूश. “हां, आता बराबर!” म्हणाला आणि घसा बसेपर्यंत बोलला. माणसाला आवाज नको असतो, कुणीतरी आपल्यासाठी हात हलवलेला पाहिजे असतो, असं माझं त्या काळी मत होतं. ते मत मोडलं ‘ठोका’नं.

हल्ली कुणी जुना माणूस भेटला की ‘ठोका’चंच विचारतो. नव्या वाचकांसाठी सांगतो : ‘ठोका’ हा आमच्या जालन्याच्या मिशन कंपाउंडमधल्या तीन पोरांचा बँड. शांतवन साळवे गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याची बहीण एस्तेर, दवाखान्यात नर्स, जाड तारांची गिटार म्हणजे बेस वाजवायची. आणि ड्रमवर जोएल, ज्याच्या बापाचा लग्नाच्या वरातीचा बँड होता. गाणी येशूची, पण अशी म्हणायचे की रस्त्यानं जाणारा आग लागली समजून बादली घेऊन धावत यावा. पुण्यापर्यंत नाव झालं. मुंबईच्या कॅसेटवाल्यांचं बोलावणं आलं. आणि नेमका तिथंच बँड बंद पडला. कुणी म्हणतं पोरांत भांडण झालं. कुणी म्हणतं चर्चच्या पंचमंडळींनी दाबलं. कुणी म्हणतं शांतवनचा घसा गेला. मी मशीनमागं बसलेलो होतो. यातलं काही झालं न्हाई.

शांतवनचे वडील दानियलमास्तर चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि गायनमंडळ सांभाळायचे. अर्ध्या जालन्याला सूर त्यांनी शिकवला. त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळ्यांची पोरं. कान असा की गल्लीत दुधाची कॅन पडली तर कुठल्या पट्टीत पडली ते सांगत. अशा माणसाच्या पोटी शांतवन, ज्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मास्तरांनी सख्ख्या पोराला गायनमंडळातून घरी पाठवलं होतं. “तू प्रार्थना मनात करत जा,” म्हणाले होते. पोरगं हसण्यावारी न्यायचं. पण मी त्याला गायनाच्या वेळी बाहेर गुलमोहराखाली उभा राहून ओठ हलवताना पाह्यलेलं होतं.

एका दुपारी तो दुकानात आला.

“सलाम, मामा. चर्चमध्ये एक डबा लावता का? पेटीकडं तोंड करून.”

“पेटीकडं? डोस्कं फिरलं का तुझं? शिट्टी मारंल ना.”

“हळू ठेवा. पण पेटीकडंच पाहिजे.”

“मास्तर अन् त्यांची पेटी. त्यांचाच आवाज त्यांना कशाला ऐकवायचा रे?”

तो माझ्या सोल्डरिंगच्या कांडीकडं बघत राह्यला. मग म्हणाला, “पप्पांना पेटी ऐकू येईना, मामा. बोटांच्या सवयीवर वाजवून राह्यलेत. पंचांना कळलं तर पेटी काढून घेतील. तुम्ही कुणाला बोलू नका.”

मी, ज्याच्या पोटात म्हैस हरवल्याची बातमीसुद्धा टिकत न्हाई, कुणाला बोललो न्हाई. डबा पेटीच्या बाजूला ठेवला, वर पांढरं कापड टाकलं, त्यावर फुलदाणी. पाळकसाहेबांना वाटलं सजावट आहे. बरेच रविवार निभावले. मग एका रविवारी, सगळी मंडळी डोळे मिटून मुक्यानं प्रार्थना करत असताना, शिट्टी सुटली. काय सांगू! कौलातली कबुतरं उडाली ती थेट अंबडला जाऊन बसली. बायका, पोरं, पाळकसाहेब, सगळ्यांचे हात कानावर. एका माणसाचे हात कानावर न्हाई. मास्तर शांतपणे पुस्तकाचं पान उलटून, पुढचं गाणं काढून, चष्मा पुसत बसले होते.

सगळ्यांनी ते पाहिलं. मी शिट्टी बंद केली. मग पाळकसाहेबांनी पुढं होऊन फुलदाणी उचलली, कापड उचललं आणि पुन्हा होतं तसं ठेवून दिलं.

पंचमंडळी वाईट न्हवती. शाल दिली, भाषणं केली. मास्तरांना त्यातलं काही ऐकू आलं न्हाई, म्हणून त्यांनी प्रत्येक भाषणाला मान हलवली. पेटी दुसऱ्याकडे गेली. छत्रपती चौकातल्या डॉक्टरानं छातीला अडकवायचं कानाचं यंत्र दिलं. ते लावल्यावर मास्तर म्हणाले, “कढईत भजे टाकल्यासारखं वाटतं,” आणि ते कपाटात गेलं. मास्तर व्हरांड्यात बाजेवर बसायला लागले. आपल्याला थोडं कमी ऐकू येतं, एवढंच ते कबूल करत.

आता ‘ठोका’ कसा जन्मला ते ऐका. पेपरवाल्यांनी पुढं काहीबाही लिहिलं : बंडखोर तरुण, जुन्या उपासनेविरुद्ध आवाज, वगैरे. झालं होतं एवढंच की कंपाउंडच्या रस्त्यानं जोएलच्या बापाची वरात चालली होती, आणि मास्तर बाजेवर ताठ होऊन म्हणाले, “कोणाची वरात रे?” शांतवन जेवत होता. तो उष्ट्या हातानंच जोएलच्या घरी पळाला.

मास्तरांचे बारीक आवाज गेले होते, जाड आणि खरखरीत आवाज अजून पोचत होते. तेवढी फट उघडी होती. शांतवननं औरंगाबादहून जुनी गिटार आणली. सरळ वाजवली तर मास्तरांना काही कळेना. मग पुन्हा माझ्याकडे.

“मामा, आवाज खरवडून निघाला पाहिजे.”

मशीनला पेलणार न्हाई इतका आवाज आत कोंबला की तो फाटतो. अख्खी जिंदगी मी फाटका आवाज शिवत आलो. हे पोरगं म्हणे, फाडून द्या. मी भंगारातलं एक जुनं मशीन काढलं, गिटार जोडली. पहिला फटका मारला तेव्हा व्हरांड्यातल्या पाण्याच्या माठाला तडा गेला. एस्तेर म्हणते माठ आधीपासून गळका होता. ती नर्स आहे, तिला सगळं आधीपासून झालेलं दिसतं.

मास्तर म्हणाले, “आता काहीतरी आलं.”

मग रोज संध्याकाळी हाच कारखाना. तिघं वाजवायचे, मी मशीनवर, समोर बाजेवर मास्तर. एक गाणं शांतवननं स्वतः केलं होतं, ‘दार’ नावाचं. दोनच ओळी पुन्हापुन्हा :

“दार ठोठावून हात सुजले, आतून कुणी बोलेना,
मी जाणार न्हाई, मी जाणार न्हाई, तू उघड!”

मास्तर ऐकायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. “ढोल आला. गिटार आली. तू काय म्हणून राह्यला ते न्हाई आलं.”

शांतवन आणखी ओरडायचा.

“भाऊ, जरा दमानं,” एस्तेर म्हणायची. “पप्पांच्या आधी आमचे कान जातील.”

“शब्द गेले पाहिजेत, एस्तेर. एकदा शब्द गेले की बस.”

“कागदावर लिहून दे की मग.”

“लिहून काय द्यायचं? गाणं हाय ते.”

तेवढंच त्याला पाहिजे होतं. ज्या माणसानं त्याला गाण्यातून घरी पाठवलं, त्यानं त्याचं एक गाणं शब्दांसकट ऐकावं. पुढं काय म्हणायचं ते म्हणावं.

अंबडच्या एका युवक शिबिरात त्यांनी तेच गाणं म्हटलं. पुण्याहून आलेला एक जाड चष्म्याचा तरुण उडी मारून उठला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, हे तर पंक आहे!” पंक म्हणजे चिखल एवढंच मी शाळेत शिकलेलो. मला राग आला. त्यानं समजावलं की परदेशात अशा गाण्याची पद्धतच असते : सूर थोडके, घसा पूर्ण, शिक्षण न्हाई. मी म्हणालो, “मग आमच्याकडं दर लग्नसराईत असतंय की.” पण त्यानं पोरांना पुण्याला बोलावलं, आणि गाडी सुटली.

नाव ‘ठोका’ ठेवलं ते जोएलनं. पंचमंडळींना आवडलं न्हाई, पण शब्द शास्त्रातलाच, ‘ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडलं जाईल’ असं बायबलातच लिहिलेलं असल्यानं त्यांना बोलता येईना. पुढची दोन-तीन वर्षं मी सामान घेऊन या पोरांबरोबर जिथं तिथं गेलो. शहागडला नदीकाठच्या संमेलनात त्यांना गाऊ दिलं न्हाई, तर हायवेवरच्या ढाब्यासमोर वाजवलं. ट्रकवाले उतरले, कुणाला येशूचं देणंघेणं न्हाई, पण ‘तू उघड!’ला सगळे हॉर्न मारायला लागले. एका सरदारजीनं तिथंच ट्रकवर मागं ‘ठोका’ लिहून घेतलं. तो ट्रक मी नंतर नागपुरात पाहिला, असं मी सांगतो. पुण्यात हॉल भरला. कॉलेजची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, मला वाटलं मारामारी लागली, मी वायरी गुंडाळायला घेतल्या. औरंगाबादला गाता गाता शांतवननं मागं वळून “वाढवा मामा” अशी खूण केली, आणि आवाज आधीच भिंती सोलत असल्यानं मी आपलं ते फुकटचं बटण फिरवलं. गाणं संपल्यावर तो माझ्या कानाशी आला. “मामा, ते बटण पुढाऱ्यांसाठी ठेवा.”

प्रत्येक गावाहून आल्यावर मास्तर विचारत, “लोक काय म्हणले?” शांतवन मोठ्यानं सांगायचा. मास्तर त्याच्या तोंडाकडं बघून मान हलवायचे. मग संध्याकाळी व्हरांड्यात ‘दार’. आम्ही आवाज वाढवत गेलो आणि मास्तरांचे कान उतरत गेले. आम्ही नवीन डबा आणला की त्यांचं काहीतरी जुनं गेलेलं असायचं. आधी गिटार गेली. मग नुसता ढोल उरला. “ढोल हाय,” ते म्हणायचे, आणि पोराचं तोंड बघून घाईघाईनं, “बरं हाय, बरं हाय.” लोकांना वाटायचं ‘ठोका’ दिवसेंदिवस जास्त रागावत चाललाय. पेपरात तसं छापूनही आलं. पोरगं रागावलेलं न्हवतं. त्याच्याजवळ वेळ थोडा होता.

मुंबईच्या कॅसेटवाल्यांचं बोलावणं आलं तेव्हा जोएल पेढे घेऊन आला. शांतवन म्हणाला, “जाऊ. पण आधी जालन्यात, चर्चच्या मैदानात. पप्पांना शब्द ऐकवतो, मग कुठं बी चला.”

पंचमंडळींनी या वेळी नाही म्हटलं न्हाई. पुण्यात टाळ्या पडल्या की जालन्यात दारं उघडतात. नाताळच्या आदल्या आठवड्यातला दिवस ठरला. मी काय केलं असेल? जिल्ह्यातल्या एकूण एक माईकवाल्याकडं गेलो. घनसावंगीचा, भोकरदनचा, परतूरचा. ज्यांची तोंडं मी वर्षानुवर्षं बघत न्हवतो त्यांच्याही दारात. सगळ्यांनी डबे दिले, आणि स्वतःही आले. चर्चसमोर डब्यांची अशी भिंत उभी राह्यली की सूर्य लवकर मावळला. आणि धंद्याचा कायदा मोडून मी त्यातले सगळ्यात मोठे डबे पब्लिककडून फिरवून पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीकडे वळवले.

मास्तर आले. कोट घातलेला, शाल त्याच सत्काराची. एस्तेरनं खुर्चीत बसवलं आणि स्टेजवर गेली. अख्खं कंपाउंड, अर्धा गाव. जोएलनं काड्या आपटल्या आणि ‘दार’ सुरू झालं.

मी आयुष्यात पुष्कळ आवाज काढले. असा न्हाई. चर्चच्या खिडक्या थरथरत होत्या, माझ्या छातीतली हाडं ठेका धरत होती, मागच्या रांगेतली पोरं रडायला लागली. आणि मास्तरांचा हात मांडीवर पडत होता. बराबर ठेक्यात. शांतवननं ते पाहिलं. तो गाताना हसला. असा हसलेला मी त्याला कधी पाह्यला न्हवता. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. मी पण, कशाला लपवू, मशीनच्या आड तोंड नेलं.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात.

मास्तर उठले. हळूहळू स्टेजपाशी आले. टाळ्या बंद झाल्या. लोकांना ऐकायचं होतं बाप काय म्हणतो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत न्हाई, त्यामुळं जे ते बोलले ते बिनमाईकचं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“बेटा, नाराज होऊ नको. माईकवाल्याचं काहीतरी बिघडलंय. मी जोएलच्या काड्या बघून ताल धरला, तुला उभारी राहावी म्हणून. लोक बी किती चांगले, उगाच टाळ्या वाजवून राह्यले.”

शांतवनचा हात तारांवर तसाच.

मग ते माझ्याकडं वळले. “मशीन चालू न्हाई ना रे? माझे कान उतरलेत, पण एवढे न्हाई.”

जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं मशीन माझ्यापुढं गुरगुरत होतं, लाल दिवा लागलेला. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ नीट हलवून म्हणालो, “हो मास्तर. फ्यूज गेलाय.”

“मग कर की दुरुस्त. पोरगं खोळंबलंय.”

मी मशीन बंद केलं. स्क्रू काढले, झाकण उचललं. अंधारून येत होतं, तर मास्तरांनी माझी टॉर्च उचलली आणि माझ्या खांद्यावरून आत उजेड धरला. बिघडलेलं काहीच न्हवतं. मी एक वायर काढली, पुसली, तिथंच पुन्हा लावली. एवढं मैदान भरलेलं होतं, पण एक पोर खोकलं न्हाई. घनसावंगीचा माईकवाला, ज्यानं आयुष्यभर माझी नालस्ती केली, तो पुढं आला आणि पक्कड हातात देत म्हणाला, “हां, इथंच असंल.”

मी झाकण बसवलं. लाल दिवा लावला.

“झालं?” मास्तर म्हणाले.

“झालं.”

“मग म्हण रे, शांतवन,” असं म्हणून ते जाऊन खुर्चीत बसले, शाल सावरली, मान थोडी पुढं काढली.

शांतवननं एस्तेरकडं पाहिलं. तिनं मान हलवली. जोएलनं काड्या आपटल्या. आणि त्या पोरानं ते गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, पूर्ण घशानं, एक शब्द न गाळता. त्यानंतर तो कुठंच गायला न्हाई. मुंबईचं बोलावणं जोएलच्याच घरी पडून राह्यलं. पण त्या संध्याकाळी तो गात होता, आणि मी त्याच्याकडं बघत न्हवतो. मी खुर्चीकडं बघत होतो. अर्ध्या गाण्यात मास्तरांनी माझ्याकडं मान वळवली आणि हात हलवून मला खूण केली : न्हाई, अजून न्हाई आलं.